पंखवालीची चोळी

सुमित्राकाकूंच्या तोंडात टाचण्या असल्या की त्या ‘हं’ आणि ‘अंहं’ एवढंच बोलतात, आणि टाचण्या बहुतेक वेळ असतातच. त्र्यंबककाका म्हणतात, आमचा संसार टिकला तो टाचण्यांमुळे. काकू यावर काही उत्तर देत नाहीत. द्यायचं तर टाचण्या काढाव्या लागतील.

काकू मूळच्या मिरजेच्या. घरी आईचा शिवणक्लास, त्यामुळे अक्षरं गिरवायच्या आधी आपण काजं करायला शिकलो, असं त्या सांगतात. काका पूल बांधणारे इंजिनिअर. लग्न होऊन दोघं ओहायोत आले तेव्हा कोलंबसमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. काकूंचं इंग्रजी बेताचं, पण हातात सुई होती. लग्नाच्या गाऊनच्या एका दुकानात त्यांना अल्टरेशनचं काम मिळालं आणि तिथूनच त्या रिटायर झाल्या. “किती नवऱ्या आत घेतल्या आणि किती बाहेर सोडल्या, त्याला गणती नाही,” असं म्हणून त्या स्वतःच हसतात. मुलगी अंतरा सिॲटलला असते. हे दोघं इथे कोलंबसजवळच्याच डब्लिन गावात, आमच्यापासून दोन घरं पलीकडे.

माझी त्यांची ओळख झाली गौरींमुळे. आमच्या मंडळाच्या गौरी काकूच नेसवतात. मी नवीन होते, मदत करायची म्हणून उत्साहाने खोक्यातले मुखवटे काढले आणि एक स्टँडवर चढवायला गेले. काकूंनी माझा हात धरला, दुसऱ्या हाताने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“गिरिजा, आधी चोळी. मग साडी, मग दागिने. तोंड सगळ्यांत शेवटी.”

“का हो काकू?”

“तोंड चढलं की ती आली. आलेल्या बाईला उघडी उभी करायची का?”

मला ते पटलं. घरात आम्ही देवाचं सगळं केलं, पण असं कारण कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखालची झाले. सुया ओवून देणं, धागे रंगाप्रमाणे लावणं, आणि समोर कोणी भरभर इंग्रजी बोलायला लागलं की मधे बसणं, ही माझी कामं.

त्यांच्या शेजारी नोरीन डॉयल राहते. शाळेच्या ऑफिसात काम करायची, आता रिटायर झाली आहे. तिचे वडील यूजीन डॉयल नव्वदीच्या पुढचे, शेवटची काही वर्षं तिच्याकडेच होते. रेल्वेत वेल्डर होते. हाताची बोटं जाड, एक कान गेलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला कळू नये चिडवताहेत की खरं सांगताहेत. काकू आणि नोरीन यांची मैत्री बर्फ उपसता उपसता झाली. काकू तिचे स्कर्ट बारीक करून द्यायच्या, नोरीन काकूंची डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर घेऊन द्यायची. रोज चारच्या चहाला दोघींपैकी एकीच्या स्वयंपाकघरात बसायच्या. अंतरा लांब, नोरीनला मूलबाळ नाही. दोघींना एकमेकींचं बोलणं किती कळायचं देव जाणे, पण मी गेले की त्या मला म्हणायच्या, तू बस, आमचं चाललंय.

यूजीन काकूंना ‘मिसेस टी’ म्हणायचे. त्र्यंबक हा शब्द त्यांना कधी जमला नाही. काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला की म्हणायचे, “मिसेस टी, तू मला तुपाने मारणार आहेस.”

“नव्वद वर्षं बटरने नाही मेलात. तुपाने काय होणार?” असं काकू मराठीत म्हणायच्या आणि ते मान डोलवायचे, जणू सगळं समजलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये ठेवून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले, आणि घरीच हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतली काळजी घेणारी, नर्स यायला लागली. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. आणि त्यांनी लेकीजवळ एकच मागणं मागितलं: शवपेटीशी आमची बाई उभी राहिली पाहिजे.

ही बाई कोण, ते सांगते. त्यांची एक छोटी आयरिश संस्था आहे, आपल्या मंडळासारखीच. भांडणंही तीच. हॉल कुठला, जेवण कोणाकडून, जुन्यांचं चालणार की नव्यांचं. त्यांच्यात रीत अशी, की सभासद गेला की चर्चमध्ये त्याच्या शवपेटीच्या डोक्याशी संस्थेचं निशाण उभं करायचं. हे निशाण यूजीनच्या आजीने भरलेलं. हिरवं रेशीम, त्यावर सोनेरी जरीची हार्प. हार्प म्हणजे आपलं स्वरमंडळ उभं धरावं तसं तारांचं वाद्य, तेच त्यांचं देशाचं चिन्ह. या निशाणावरच्या हार्पचा पुढचा खांब म्हणजे एक बाई आहे. कमरेपासून वर बाई, पाठीला पंख, आणि पंखांच्या टोकापासून वाद्याचं अंग सुरू होतं. यूजीन लहानपणी या निशाणाच्या पुढे मिरवणुकीत चालले होते.

पण निशाण कित्येक वर्षं चर्चच्या तळघरात घडी घालून पडलेलं. संस्थेने नवीन छापून आणलं होतं, आणि त्याच्यावर बाई नव्हतीच. साधी लाकडी हार्प.

नोरीन जुनं निशाण घेऊन काकूंकडे आली. जेवणाच्या टेबलावर चादर घालून आम्ही ते उलगडलं. पंख चांगले होते, जर काळवंडली होती पण धरून होती. तारा रुपेरी, काही तुटलेल्या. पण मधे, घडीवर, रेशीम पिठासारखं झालं होतं. बाईला चेहरा नव्हता. गळ्यापासून पोटापर्यंत नुसत्या चिंध्या.

काकू बराच वेळ गप्प. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी.

“होईल?” नोरीनने विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, “हिला विचार, ही त्यांची देवी आहे का? देवीची भंगलेली मूर्ती आपण जोडत नाही. ती पाण्यात सोडायची असते.”

काका कोचावरून म्हणाले, “गणपतीला बोटीत बसवून पोचवतेस, तसं हिलाही पोचव. काम वाचेल.”

“तुम्ही पेपर वाचा.”

मी नोरीनला विचारलं. ती विचारात पडली. म्हणाली, देवी नाही. आम्ही तिच्यापुढे मेणबत्ती लावत नाही. ती म्हणजे आयर्लंडच, बाईच्या रूपात.

“म्हणजे भारतमाता,” काकू म्हणाल्या. “मग चालेल. देशाला कुठे विसर्जन असतं.”

दोन दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष मिस्टर कीओ आले. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. उंच, वाकलेले, स्वेटरच्या कोपराला चामड्याची ठिगळं. त्यांना जुनं निशाण उभं राहणं फारसं पसंत नव्हतं, पण यूजीन त्यांचे मित्र. त्यांनी फोनवर आम्हाला एकामागून एक चित्रं दाखवली. अमुक राजाच्या नाण्यावरची हार्प, तिच्या टोकाला कुठल्याशा प्राण्याचं तोंड. दुसरीवर पानाची वेलबुट्टी. मग पंखवाली बाई, कधी सडपातळ, कधी जहाजाच्या टोकावरच्या पुतळीसारखी छाती काढून. मग आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारने घेतलेली, एका कॉलेजात जपून ठेवलेल्या जुन्या लाकडी वाद्यावरून काढलेली, साधी. तीच पासपोर्टवर. आणि एका बिअरच्या ग्लासवरची, तिचं तोंड उलट्या बाजूला, कारण बिअरवाल्यांनी आधी नोंदवली म्हणून सरकारला आपली फिरवून घ्यावी लागली.

“बाई इंग्रजांच्या दरबारातली,” कीओ म्हणाले. “तिकडच्या कारागिरांनी हौसेने काढली. आमच्यातल्या पुष्कळांना ती म्हणून नको असते.”

“आणि यूजीनच्या आजीला?” काकूंनी विचारलं.

“तिला हवी होती. तेव्हा आमच्याच लोकांनी तीच बाई हिरव्यावर काढून इंग्रजांच्या विरुद्ध मिरवली. म्हणून तर भांडण मिटत नाही.”

“मग खरी कुठली?”

कीओ हसले. म्हणाले, चिन्हांचं शास्त्र असतं, त्यात आकृती ठरलेली नसते, वर्णनाचे शब्द ठरलेले असतात. हार्पसाठीचे शब्द एवढेच: निळ्यावर सोन्याची हार्प, तारा चांदीच्या. निळ्याच्या जागी हिरवं हे लोकांनी आपलं केलं. बाकी बाई की लाकूड, तारा किती, तोंड कुठे, ते काढणाऱ्याच्या हातावर.

काकूंना हे एकदम समजलं. “आमच्या गणपतीचं तसंच. सोंड डावी, सोंड उजवी, बसलेला, नाचरा. पेणच्या मूर्तिकाराचा वेगळा, आमच्या मिरजेच्या कुंभाराचा वेगळा. पण गणपती तो गणपतीच.” मी ते इंग्रजीत सांगितलं. कीओ म्हणाले, सोंडेच्या बाजूवरून भांडणं होतात का? मी म्हटलं, भांडणं नाही, पण उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, त्यामुळे घरात आणताना लोक दहा वेळा विचार करतात. त्यांनी खिशातून पेन काढून हे लिहून घेतलं.

जाताना त्यांनी एक जुना फोटो दिला. रस्त्यावरची मिरवणूक, कृष्णधवल, आणि निशाणाला वाऱ्याने मधोमध घडी पडलेली. चेहऱ्याचा थोडा अंदाज यायचा, बाकी काही नाही. “जसं होतं तसं करा,” ते म्हणाले. “एवढंच सांगणं.”

काकूंनी काम सुरू केलं. गाऊनच्या दुकानातून उरलेली बारीक जाळी होती, नवरीच्या तोंडावरच्या बुरख्याची, ती त्यांनी हिरवी रंगवून घेतली आणि फाटकं रेशीम तिच्याखाली दाबून टाके घातले. तारांना चांदीची नवी जर. पंखांना हातही लावला नाही, म्हणाल्या, त्या आजीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मधल्या चिंध्यांना सुई लागली की भुगा व्हायचा. तो त्यांनी वाटीत जमा केला, सगळा. एका रविवारी काकांनी गाडी काढली, आम्ही सायोटो नदीवर गेलो आणि काकूंनी तो भुगा हळदकुंकू घालून पाण्यात सोडला. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं. मी हात जोडले. आम्हा तिघांपैकी कोणाच्याही मनात काही शंका आली नाही.

मग चेहऱ्याची पाळी आली. काकू सुई घेऊन बसल्या, आणि बसूनच राहिल्या.

“काय झालं?”

“हात जात नाही. आधी चोळी पाहिजे.”

“फोटोत दिसत नाही काकू.”

“फोटोत काय बघायचंय? जे फाटलंय ते चोळीच असणार. वेगळं कापड असेल, म्हणून तेवढंच विरलं.”

मला कीओंच्या चित्रांतली पुतळी आठवली. मी म्हटलं, “नाण्यावर तर तिच्या अंगावर काही नव्हतं.”

“नाणं धातूचं ग. आपल्याकडे दगडाच्या देवळावर काय बायका नेसलेल्या असतात? पण गाभाऱ्यातलीला साडी असते की नाही? कापडावर काढली म्हणजे नेसवलेलीच असणार. ती आजी तशीच बाहेर काढेल का तिला, चारचौघांत?”

मला त्यात काही चूक दिसली नाही. आजही शपथेवर सांगते, दिसली नाही.

खण कपाटात ढिगाने होते. कुठल्या मराठी बाईच्या कपाटात नसतात? हळदीकुंकवाला मिळालेले, कोणाच्या तरी ओटीत जायचे म्हणून ठेवलेले, कधीच न शिवलेले. काकूंनी एक निळा निवडला, बारीक चौकड्यांचा, पांढरा काठ. छातीच्या आकाराने कापला, कडा आत दुमडून असा टाचला की रेशमातून उगवल्यासारखा दिसावा. त्यानंतर दोन बैठकांत चेहरा झाला. नाक बेताचं, डोळे खाली, ओठ मिटलेले. शेवटची गाठ मारून त्यांनी धागा दाताने तोडला आणि नमस्कार केला.

निशाण बघायला नोरीन आणि कीओ एकत्रच आले. काकूंनी चहा टाकला होता. चादर बाजूला केली. नोरीनने आधी पंख बघितले, मग तारा, मग तिची नजर मधे आली आणि थांबली.

कीओ हळूच म्हणाले, “हिला ब्लाउज नव्हता.”

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. “नव्हता म्हणजे?”

“नव्हताच. ती तशीच असते. बघा, चित्रांतही.”

मी काकूंना सांगितलं. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “मग काढते,” त्या म्हणाल्या. “खाली जाळी आहे, पण... मग तिथे भोक दिसेल.”

“जुने तुकडे आहेत ना?” नोरीनने विचारलं. “भुगा झाला असेल तरी चालेल. कीओंच्या ओळखीची एक बाई म्युझियममध्ये आहे, ती म्हणाली, तुकडे असतील तर पुढे कधी तरी चिकटवता येतील.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. हे मलाच सांगावं लागलं. “ते आम्ही नदीत सोडले.”

“नदीत?”

मी कारण सांगायला लागले, निर्माल्य, पाणी, मान. माझं इंग्रजी ऐन वेळी पळून गेलं. नोरीन ऐकत होती असं वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, “ते माझ्या पणजीच्या हाताचे टाके होते.” आणि कोट घेऊन निघून गेली. चहा तसाच राहिला. कीओंनी आपला कप संपवला, बहुधा आमच्यासाठीच, आणि तेही गेले.

काका एरवी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी त्यांनी स्वतःच कप विसळले.

त्यानंतर चारचा चहा बंद. काकू खिडकीतून नर्सची गाडी येताना-जाताना बघायच्या. मला म्हणाल्या, “मला वाटलं मी मान देतेय.” मी म्हटलं, दिलाच की काकू. त्या म्हणाल्या, “अंहं. मान ज्याचा त्याला विचारून द्यायचा. तिला मी विचारलं, देवी आहे का. ती म्हणाली, नाही. मग मी देवीचं का केलं?”

मी त्यांचे धागे रंगाप्रमाणे लावायला घेतले.

इकडे यूजीन खंगत चालले होते. एका दुपारी काकूंनी निशाण गुंडाळलं, मला फोन केला आणि म्हणाल्या, “चल. ज्याचं आहे त्याला दाखवू. तो म्हणेल तर उसवून टाकीन, भोक तर भोक.”

दार नोरीनने उघडलं. आम्हाला बघून ती बाजूला झाली, ‘या’ म्हणाली नाही, ‘नको’ही म्हणाली नाही. यूजीन उशांना टेकून होते. चेहरा अगदी लहान झालेला. काकूंनी आणि मी दोन टोकं धरून निशाण त्यांच्यासमोर उघडलं. त्यांनी चष्मा मागितला. नोरीनने लावून दिला.

किती तरी वेळ ते बघत होते. माझे हात भरून आले.

“ही ती नाही,” ते म्हणाले.

काकूंना हे इंग्रजी कळलं. त्या म्हणाल्या, “नो.”

“ही कोण?”

काकूंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत केलं: “माहीत नाही. हातातून अशीच आली.”

“थकलेली दिसते.”

“इतकी वर्षं ते वाद्य पाठीवर घेऊन उभी आहे,” काकू म्हणाल्या. “थकणारच.”

ते हसले, खोकला आला, नोरीनने पाणी दिलं. “आधीची कधी थकलेली दिसली नाही मला. मिरवायलाच जन्मलेली. आम्ही पोरं तिच्याकडे कुठे बघायचो ते आजीला ठाऊक होतं. एकदा माझ्या कानफटात मारली होती तिने.” मग काकूंकडे बघून म्हणाले, “मिसेस टी, तू आम्हाला आणखी एक प्रकार करून दिलास. कीओला सांग, यादीत घाल.”

“मी उसवू का?” काकूंनी स्वतःच इंग्रजीत विचारलं.

“मला विचारू नको. मी पेटीत असणार, मला दिसणार नाही. नोरीनला दिसणार आहे. तिला विचार.” आणि त्यांनी डोळे मिटले.

नोरीन भिंतीकडे बघत उभी होती. काकूंनी तिला विचारलं नाही. निशाण गुंडाळून खुर्चीवर ठेवलं, चेहऱ्याची बाजू वर, आणि आम्ही निघालो. दारात त्या मला म्हणाल्या, “आता तिचं तिच्याजवळ राहू दे.”

त्या आठवड्याच्या शेवटी यूजीन गेले, झोपेत. नोरीनच्या घरी गाड्या लागल्या. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली, मग म्हणाल्या, नको, त्यांना हे काय कळणार, आणि साधा भात, बटाट्याची भाजी असा डबा माझ्या हाती पाठवला. तिथे कीओ बसलेले. छापलेलं निशाण नळीत गुंडाळून भिंतीशी टेकवलेलं, आणि खुर्चीवर जुनं तसंच.

मी डबा द्यायला पुढे झाले तेवढ्यात कीओ नोरीनला म्हणाले, “ठरवावं लागेल. कमिटी तुझ्यावर सोडायला तयार आहे.”

“तुला काय वाटतं?”

“मला? मला दिसायला ती निळी चोळी खटकते.” मग थोडं थांबून, “पण शब्दांच्या बाहेर काही गेलेलं नाही. हार्प सोन्याची आहे. तारा चांदीच्या आहेत. बाकीचं काढणाऱ्याच्या हातावर, हे मीच त्या शिवणाऱ्या बाईला सांगितलं होतं. आता मागे घेता येत नाही.”

नोरीनने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला. मग मला विचारलं, “नदीवर कुठे?”

“काय?”

“कुठे सोडलंत ते?”

मी काकूंना बोलावून आणलं. गाडी नोरीनने चालवली, काकू पुढे, मी मागे. काठाला अजून बर्फ होतं, मधे पाणी काळं, जोरात. काकूंनी जागा दाखवली, उतारावरून खाली, एक आडवं पडलेलं झाड आहे तिथे. नोरीन झाडापर्यंत गेली. काकू मागून गेल्या, कारण उतार निसरडा आणि नोरीनच्या पायात साधे बूट होते. नोरीन ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती, तिची नेहमीची मेरीची प्रार्थना असावी. काकू डोळे मिटून आपलं म्हणत होत्या. मी वर उभी राहून माझं म्हटलं.

परत येताना नोरीनने काकूंचा दंड धरला. मला वाटलं आधार म्हणून, पण गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

“हे असं वाहत्या पाण्यातच सोडता?” तिने विचारलं.

“वाहत्याच,” काकू म्हणाल्या. “साचलेल्यात नाही.”

“आणि मग ते कुठे जातं?”

काकूंनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, “ही नदी कुठे जाते ग?” मी म्हटलं, पुढे ओहायो नदीला मिळते, मग मिसिसिपी, मग समुद्र. नोरीनने हे सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “समुद्र म्हणजे ठीक आहे,” ती म्हणाली. “पणजी समुद्रावरूनच आली होती.”

मग गाडी सुरू करता करता म्हणाली, “मंगळवारी दहाला चर्च. काठी माझा भाऊ धरेल. पण दारातून नेताना झालर अडकते, तू बाजूला चाल.”

चर्च भरलेलं होतं. मिरवणूक आत शिरली तेव्हा काकू झालर हातात धरून निशाणाच्या बाजूने चालल्या, जांभळी साडी, वर जाड कोट. लोक बघत होते, काही निशाणाकडे, काही काकूंकडे. शवपेटीच्या डोक्याशी काठी स्टँडमध्ये उभी झाली. काकूंनी झालर सरळ केली, एक सुरकुती तळहाताने खाली ओढली आणि मागे येऊन माझ्याजवळ शेवटच्या बाकावर बसल्या. काका पलीकडे. समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या कुजबुजत होत्या, एकीने बोटाने आपल्या छातीकडे खूण केली. दुसरी म्हणाली, “बरं दिसतं.”

प्रार्थना सुरू व्हायच्या आधी नोरीन पुढच्या रांगेतून उठली. काळा ड्रेस, पायात आवाज न करणारे बूट. सगळा मधला रस्ता चालत मागे आली आणि काकूंसमोर हात पुढे करून उभी राहिली.

काकूंनी मला हळूच विचारलं, “पुढे बसायला काही पाळावं लागतं का? मी सकाळी चहा घेतलाय.”

मी ते नोरीनला सांगितलं.

“मीही घेतलाय,” नोरीन म्हणाली. “चल.”